रात्री लाइन आली की घरभर स्मार्ट बल्ब लागतात, तर आधी लाइन पाहा मग ॲप

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण यातलं जवळपास सगळंच मी आमच्या भागात कुठे ना कुठे पाहून राहिलो. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो, माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. दारव्हा तालुक्यात गाव, जुनं कवेलूचं घर, त्याला लागून पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, अंगणापलीकडे टिनाचा गोठा. ७ वायफाय बल्ब आणि गोठ्यातल्या लाइटला १ स्मार्ट प्लग. दिवस मावळला की अंगणातला आणि गोठ्यातला लाइट लागावा, रात्री ११ ला बंद व्हावा, फाटकाजवळ कोणी आलं की सेन्सरने लाइट लागावा, एवढंच तुम्हाला पाहिजे. आणि होऊन काय राहिलं, तर रात्री २-३ वाजता लाइन आली की घरभर फुल लाइट लागतात अन् सगळे उठून बसतात, दोन-तीन बल्ब अधूनमधून लुकलुकत राहतात अन् ॲपमधून गायब होतात, अंगणातला लाइट पार अंधार पडल्यावर लागतो आणि काही दिवशी लागतच नाही, फाटकाचा सेन्सर उन्हाळ्यात काम करत नाही, आणि आई भिंतीवरचं बटन बंद करते म्हणून घरात वाद होतो. दुकानदार म्हणाला कंपनी बदला, तुम्ही राउटर बदलून पाहिला, काही फरक नाही.

कंपनी बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. मी २२ वर्षं झाली वायरिंगचं काम करतो, मागच्या सहा-सात वर्षांत अशी स्मार्ट लाइटची कामंही बरीच केली, आणि गावातल्या घरात बहुतेक वेळा दुखणं ॲपमध्ये नसते तर लाइनमध्ये असते. हे सामान ज्या घरांसाठी बनवतात तिथे लाइन महिनोन्महिने जात नाही. आपल्याकडे ती दिवसातून चारदा जाते, येते, पुन्हा जाते, सांजच्याला व्होल्टेज पडते, वावधान सुटलं की तारा झुलतात. म्हणून लाइन परत आल्यावर प्रत्येक वस्तू काय करते हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बॉक्सवर कुठे लिहिलेलं नसते.

पहिलं काम ॲप न उघडता करा. एक वही घ्या, आठ दिवस लाइन केव्हा गेली केव्हा आली, येताना एकदम आली की दोन-तीन झटके देत आली, आणि त्यानंतर कोणता बल्ब बिघडला ते लिहा. सोबत मीटरजवळ व्होल्टेज मोजा, सकाळी एकदा, दुपारी एकदा, सांजेला ७ ते ८ च्या मध्ये एकदा. मल्टिमीटर नसेल तर प्लगमध्ये लावायचं डिजिटल व्होल्टमीटर मिळते, ते चालते. २३० च्या जागी १७०-१८० दाखवत असेल तर साधा एलईडी कदाचित तसाच जळत राहील पण त्याच्या पोटातली वायफायची चिप मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते, आणि तुम्हाला ॲपमध्ये फक्त ऑफलाइन दिसते.

आता लुकलुकणाऱ्या बल्बचं. बहुतेक वायफाय बल्ब नव्याने जोडायचे म्हणजे काय करायचं असते? बटन भराभर तीन ते पाच वेळा चालू-बंद करायचं, की बल्ब जुनं वायफाय विसरतो आणि लुकलुकत नव्या जोडणीची वाट पाहतो. आता हेच काम लाइन स्वतः करून राहिली असेल तर? मृगाच्या तोंडावर वारा सुटला, तारेला तार लागली, किंवा डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, ढिला आहे, लाइन आली-गेली-आली-गेली-आली, बल्बला वाटते मालकाने रिसेट केला. बल्ब खराब झालेला नाही, त्याला जे शिकवलं तेच तो करून राहिला. माझ्याकडे एका घरून तीन महिने हीच तक्रार येत होती अन् मी प्रत्येक वेळी जाऊन बल्ब पुन्हा जोडून येत होतो, शेवटी एका सांजेला मी तिथे असतानाच लाइनने चार झटके दिले आणि डोळ्यासमोर तीन बल्ब लुकलुकायला लागले तेव्हा कळलं.

वहीतून एक गोष्ट वेगळी काढता येईल. घरभरचे बल्ब कुठेही बिघडत असतील तर झटके बाहेरून येऊन राहिले. पण दरवेळी एकाच खोलीतले, एकाच बोर्डावरचे बिघडत असतील तर त्या बोर्डातला स्क्रू ढिला, बटन आतून जळलेलं, किंवा होल्डरची पितळी पट्टी दबलेली असते. जुन्या पट्टी फिटिंगमध्ये हे फार. मेन बंद करा, इन्व्हर्टर असेल तर त्याचंही बटन बंद करा (हे लोक विसरतात, मेन पाडलं तरी इन्व्हर्टरची फेज बोर्डात जिवंत राहते), मगच बोर्ड खोला, सगळे स्क्रू आवळा, काळी पडलेली वायर कापून नवीन टोक काढा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कधी कधी अर्धा प्रश्न इथेच सुटते.

बाहेरून झटके येत असतील तर त्याला मी सर्रास एकच उपाय करतो. मेनच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर बसवतो, तो एमसीबीसारखाच दिसतो, वर आकडा दाखवतो, आणि लाइन आल्यावर किती सेकंद थांबून पुढे सोडायची ते त्यात ठरवता येते. ६० ते ९० सेकंद ठेवा. मग बाहेर लाइनने पाच झटके दिले तरी आतल्या बल्बला एकच सुरुवात दिसते, सावकाश, एकदा. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला जो डिले असते तेच तत्त्व. वरची मर्यादा २६५-२७० च्या आसपास, पण खालची मर्यादा मात्र कागदावरची ठेवू नका, तुमच्या वहीतले सांजेचे आकडे पाहून ठेवा. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं आणि तुमच्याकडे व्होल्टेज रोज १७५ ला येत असेल, अन् तुम्ही मर्यादा १८० ठेवली, तर रोज सांजेला सगळं घर अंधारात जाईल. तिथे १६० ठेवा.

याच प्रोटेक्टरचा दुसरा फायदा न्यूट्रलचा (करंट परत जायच्या तारेचा) आहे, आणि इथे जरा थांबतो कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न येते. डीपीवर न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की ज्या फेजवर भार कमी त्या घरात व्होल्टेज चढते, ३०० च्या वर, पार ४०० च्या जवळ जाऊ शकते. एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, चार्जर, राउटर सगळे जातात ते यामुळेच. ओळखायची खूण म्हणजे काही घरात लाइट डोळे दिपवतील असे जळतात अन् शेजारच्या घरात मिणमिणतात, किंवा एखाद्याने मोटर-कूलर चालू केला की दुसऱ्याचा लाइट वाढतो. असं दिसलं की बल्बचा विचार सोडा, लगेच मेन पाडा, १९१२ वर तक्रार करा, लाइनमनला बोलवा. डीपीवर, खांबावर स्वतः हात घालू नका, गावातल्या कोणालाही घालू देऊ नका. लाइनमनलासुद्धा परमिट घेऊन लाइन बंद करूनच चढावं लागते, मग आपण कोण.

आणि घरच्याच मेन स्विचमधली न्यूट्रलची पट्टीही पाहा. मला एकदा दोन दिवस लागले, राउटर बदलला, ॲप काढून पुन्हा टाकलं, सगळं झालं, आणि निघालं काय तर न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू ढिला, कूलर सुरू झाला की तिथे ठिणगी पडे अन् सगळे बल्ब एकदम ऑफलाइन. तेव्हापासून मी कोणत्याही घरी आधी मेन खोलतो आणि मग मोबाइल हातात घेतो.

रात्री २ ला घरभर लाइट लागतात त्याचं उत्तर तुम्हाला वावरातल्या मोटरीवरून लगेच समजेल. मोटरीला ऑटो लावलेला असला की थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू, ऑटो नसला तर कोणीतरी जाऊन बटन दाबेपर्यंत बंद. बल्बमध्येही तसाच एक ऑटो आहे आणि तो कंपनीतून चालू ठेवूनच येते, कारण साध्या बल्बची सवय असलेल्या माणसाला बटन दाबलं की उजेड पाहिजे. ॲपमध्ये त्या बल्बच्या सेटिंगमध्ये पॉवर ऑन बिहेवियर किंवा अशाच नावाचा पर्याय शोधा, त्यात चालू, बंद, आणि आधी होतं तसं असे तीन प्रकार असतात. काही बल्बमध्ये यालाच डू नॉट डिस्टर्ब म्हणतात, ते चालू केलं की लाइन आल्यावर बल्ब बंदच राहते, पण मग भिंतीवरच्या बटनाने लावायचा तर दोनदा बंद-चालू करावं लागते, हे घरच्यांना सांगून ठेवा नाहीतर बल्ब गेला म्हणून काढून ठेवतील. झोपायच्या खोल्यांना "आधी होतं तसं" ठेवा. गोठ्याच्या प्लगलाही तेच. टॅस्मोटा (कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकतात ते मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं सामान कोणी वापरत असेल तर त्यात पॉवरऑनस्टेट ० म्हणजे बंद, ३ म्हणजे आधी होतं तसं, आणि वर सांगितलेलं झटक्याचं रिसेट सेटऑप्शन ६५ ला १ करून बंद करता येते. प्रत्येक वस्तूचं सेटिंग वेगवेगळं करावं लागते, एकदा एका बल्बचं केलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही.

बरं आता हे केलं की दुसरी अडचण उभी राहते, आणि "काही दिवशी लाइट लागतच नाही" हे तुमचं म्हणणं तिथलंच आहे. नियम तुम्ही असा लिहिला की दिवस मावळला की लाइट लाव. हा नियम त्या एका मिनिटाचा आहे. समजा ६ ला लाइन गेली, दिवस मावळला पावणेसातला, लाइन आली आठला. मावळायचा क्षण निघून गेला, तेव्हा बल्ब मेलेला होता, आता त्याला कोणी सांगणारं नाही, तो आधीसारखाच म्हणजे बंद राहते. शिवाय या वस्तूंच्या पोटात घड्याळ नसते, लाइन आल्यावर वेळ त्या नेटवरूनच विचारतात, नेट यायला दहा मिनिटं लागली तर तेवढा वेळ त्यांना दिवस की रात्र हेही माहीत नसते. म्हणजे नियम "तेव्हा लाव" असा न लिहिता "इथून इथपर्यंत लागलेला पाहिजे" असा लिहायला पाहिजे.

साध्या ॲपमध्ये हे जमवायची गावठी पण पक्की रीत आहे. मावळतीच्या नियमासोबत ७ ला, साडेसातला, ८ ला, साडेआठला, ९ ला, १० ला, प्रत्येक वेळी पुन्हा "लाव" असा टायमर टाका. लागलेल्याला पुन्हा लाव म्हटलं तर काही बिघडत नाही, बंद राहिलेला मात्र अर्ध्या तासात लागून जाईल. तसंच बंद करायचं, ११ ला, १२ ला, १ ला, ३ ला "बंद कर". फक्त पहाटे गोठ्यात धारा काढायला उठता तेव्हाचा वेळ सोडून द्या, नाहीतर हातात बादली असताना अंधार होईल. होम असिस्टंट (घरच्याच कॉम्प्युटरवरून सगळ्या स्मार्ट वस्तू चालवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना हेच नीट करता येते, मावळतीच्या ट्रिगरसोबत सिस्टम सुरू झाल्याचा आणि बल्ब पुन्हा दिसायला लागल्याचा ट्रिगर द्यायचा, आणि अट टाकायची की सूर्य क्षितिजाखाली आहे आणि ११ वाजायचे आहेत.

अंधार पडून गेल्यावर लाइट लागतो, यात मला दाट शंका ठिकाणाची आहे. ॲपमध्ये घराचं ठिकाण उघडून पाहा, तिथे मुंबई असेल. ठिकाण हाताने टाकलं नाही तर पुष्कळदा नेटच्या पत्त्यावरून अंदाज होते, आणि आपलं नेट बाहेर पडते ते मोठ्या शहरातून. पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटं घेते. मुंबई साधारण ७३ अंश रेखांशावर आणि दारव्हा पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास, म्हणजे जवळपास ५ अंशांचा फरक, वीसेक मिनिटं. तुमच्या अंगणात दिवस मावळून वीस मिनिटं झाली तरी ॲपसाठी मुंबईचा सूर्य अजून वरच असते. गोंदियाकडच्या माणसाला हाच फरक अर्ध्या तासाच्या जवळ जाईल. ठिकाण नकाशावर बोट ठेवून स्वतःच्या गावाचं टाका, टाइमझोन +५:३० आहे ना तेही पाहून घ्या. ठरावीक वेळ टाकून ठेवायची म्हटली तर वर्षभर जमत नाही, जूनअखेरीला आपल्याकडे सात वाजेपर्यंत उजेड असते आणि नोव्हेंबरअखेरीला साडेपाच-पावणेसहात दिवस मावळते.

आणि ठिकाण बरोबर असलं तरी मी स्वतः मावळतीच्या १५ मिनिटं आधी लावतो. आमच्या घरी तुळशीजवळ दिवा लावायच्या वेळेला अंगणात लाइट पाहिजे असते, आणि श्रावणात आभाळ भरून आलं की पंचांगातल्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधीच अंधारून येते. उजेडाचा सेन्सर लावून हे जमते पण तो लाइटच्या उजेडात येणार नाही असा बसवा. मी एक गोठा पाहिला, सेन्सर बल्बच्या समोरच, अंधार झाला की लाइट लागे, लाइटचा उजेड पाहून सेन्सरला वाटे सकाळ झाली, बंद होई, पुन्हा लागे. रात्रभर तेच, बैलं सुद्धा बसत नव्हती.

फाटकाचा सेन्सर. तुमचा पीआयआर आहे, पांढऱ्या घुमटाचा, बरोबर? तो माणूस पाहत नाही, तो उष्णतेतला फरक पाहतो. अंगाची कातडी ३३-३५ अंशाची, मागची भिंत हिवाळ्यात १५ ची, फरक मोठा, लांबूनच कळते. आता मे महिना घ्या, दिवसा ४५ च्या पुढे तापलेली भिंत आणि टिन सांजेला ८ ला अजून ३७-३८ वर, माणूस आणि भिंत सारखीच गरम, सेन्सरला फरक दिसला नाही तर तो तरी काय करेल. सेन्सर खराब नाही. उन्हाळ्यापुरता भरवसा दुसऱ्यावर ठेवा, फाटकाच्या पल्ल्याला चुंबकाचा डोअर सेन्सर लावा, फाटक उघडलं की लाइट, त्याला थंडी-ऊन काही नाही. मायक्रोवेव्हचा सेन्सर उन्हात चालते पण तो पातळ भिंतीपलीकडची हालचालही पकडते, रस्त्यावरून बंडी गेली तरी लाइट लावेल, म्हणून त्याची रेंज कमी करूनच वापरा.

पीआयआर काढू मात्र नका, आठ महिने तो चांगलाच चालते, फक्त जागा बदला. जमिनीपासून सात-साडेसात फूट उंच, आणि माणूस सेन्सरच्या दिशेने सरळ न येता समोरून आडवा जाईल असा कोन, आडव्या चालण्याला तो लवकर पकडते. पश्चिमेला तोंड नको, कूलरची हवा नको, समोर हलणारी झाडाची फांदी नको. पावसाळ्यात त्याच्या काचेवर किडे बसतात, किड्यामागे पाल येते, पाल अगदी काचेवरून फिरली की उगाच लाइट लागतो, तर आठवड्यातून एकदा कापडाने पुसा आणि लाइट सेन्सरपासून दोन-तीन फूट लांब ठेवा म्हणजे किडे लाइटकडे जातील.

आईच्या बटनाचं आता. भाऊ, यात आईचं काहीच चुकत नाही. चाळीस वर्षं बटन दाबलं की लाइट बंद होते हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याला तुम्ही म्हणता बटनाला हात लावू नका, मोबाइलवरून बंद करा. "लाइट बंद कराले मोबाइल काहून पाहिजे?" असं मला एका घरच्या आजीने विचारलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठून हात लावताक्षणी लाइट लावता आला पाहिजे, नेट असो नसो, मोबाइल चार्ज असो नसो, आणि हे ज्यात होत नाही ते काम मी तरी पूर्ण झालं म्हणून सोडत नाही.

म्हणून बल्ब स्मार्ट नको, बोर्ड स्मार्ट पाहिजे. बल्ब साधा एलईडी, बोर्डाच्या आत छोटं रिले मॉड्यूल (ॲपवरूनही चालू-बंद होणारा स्विच), आणि आहे तेच बटन त्याच्या स्विचच्या टर्मिनलला. मग आईने बटन दाबलं तर लाइट बंद, ॲपने लावला तर चालू, पुन्हा बटन दाबलं तर बंद, दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. मॉड्यूलला कायम लाइन मिळत राहते म्हणून ते बटनामुळे ऑफलाइनही होत नाही. आणि बल्ब उडाला तर गावातल्या दुकानातून साधा आणून लावता येते. ७ बल्बांपैकी अंगण, सपरी आणि स्वयंपाकघर हे तीन आधी असे करा. रंग बदलणारे जे दोन हौसेने घेतले ते राहू द्या, देवघरात दिवाळीला छान दिसतात.

याच्यासाठी बोर्डात न्यूट्रल लागते. घाबरू नका, आपल्याकडच्या ज्या बोर्डावर प्लगचं पिन आहे तिथे न्यूट्रल आलेलाच असते, त्या पिनच्या मागून घेता येते. फक्त बटनंच असलेला बोर्ड असेल तर तिथे नसू शकते, मग तिथपर्यंत एक वायर ओढा. विना न्यूट्रलचं मॉड्यूल मिळते पण ते स्वतःला जगवायला बल्बमधूनच थोडा करंट घेत राहते, त्याने एलईडी बंद असतानाही मंद जळतो किंवा चमकतो, त्याला लाइटच्या टोकाशी बायपास कपॅसिटर लावावा लागते. आणि एक हात जोडून सांगतो, न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या जागी जोडू नका. गावात हे करतात, लाइट लागतोही, पण उन्हाळ्यात जमीन वाळली की त्या अर्थिंगच्या वायरवर करंट चढते आणि तीच वायर कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते. कूलरला ओल्या हाताने शिवून मेलेल्या माणसांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडणारी) असेल तर दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रलही उसना घेऊ नका, ती सारखी पडत राहील.

मॉड्यूल बसवायच्या आधी टेस्टर लावून पाहा की बटनाने फेजच तुटते ना. खांबावर काम झालं, सर्व्हिस वायर बदलली, की कधी कधी फेज-न्यूट्रल उलटे होतात आणि घर तसंच वर्षानुवर्षं चालत राहते. मग बटन बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असते. साधा बल्ब काढताना झटका बसला अन् लोक म्हणतात बटन तर बंद होतं.

वायफायचं तुम्ही सगळ्यात आधी केलं म्हणून मी शेवटी घेतलं, पण दोन-तीन गोष्टी आहेत. हे बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. तुमचा नवा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने सोडत असेल तर जोडताना मोबाइल ५ वर बसते आणि बल्ब सापडत नाही, दोन्हींची नावं वेगळी करा. सुरक्षा डब्ल्यूपीए २ वर ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए ३ असलं की जुने बल्ब जोडलेच जात नाहीत. आणि राउटर बदलताना नव्याला जुन्याचंच नाव अन् जुनाच पासवर्ड अक्षर-न-अक्षर तसाच दिला असता तर एकही बल्ब पुन्हा जोडावा लागला नसता, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. गोठा टिनाचा म्हणता, तर टिन वायफाय अडवते, आत भिंतीआड ठेवलेल्या राउटरची रेंज तिथे पोहोचतच नसेल. राउटर सपरीकडच्या खिडकीजवळ आणा, नाहीतर गोठ्याच्या बाहेरच्या, घराकडे तोंड असलेल्या खांबावर डबीत प्लग बसवा आणि तिथून साधी वायर आत न्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर बल्ब जोडूच नका, मोबाइल वावरात गेला की लाइट आंधळे.

फायबरचा डबा आणि राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर घ्या, एकच घेतला तर उपयोग नाही. मग एक चाचणी करा. राउटर चालू ठेवा पण त्यात येणारी नेटची वायर काढा, आणि पाहा कोणते टायमर चालतात, कोणते थांबतात. जे थांबतात ते कंपनीच्या सर्व्हरवरून चालून राहिले असं समजा, आणि अंगण-गोठ्यासारखं रोजचं काम त्यांच्यावर ठेवू नका.

गोठ्यातल्या आणि टिनाखालच्या बल्बला बंद काचेचा गोळा असेल तर काढून टाका. टिनाखाली मे महिन्यात हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापते आणि बल्बच्या आतला कपॅसिटर दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण अर्धं करते. जूनमध्ये विजा कडाडायला लागायच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरती उरते, सर्ज प्रोटेक्टर कितीही चांगला घेतला तरी त्याला वीज कुठेतरी सोडायला जागा पाहिजे.

सगळं एका दिवशी करू नका. या आठवड्यात वही, व्होल्टेज, मेनचे स्क्रू आणि ठिकाण. पुढच्या आठवड्यात प्रोटेक्टर अन् टायमर. बोर्डाचं काम तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्या. मग सांजेचा व्होल्टेजचा आकडा, कोणत्या बोर्डावरचे बल्ब बिघडतात, आणि नेटची वायर काढल्यावर काय काय चाललं हे तीन मला कळवा, त्यावरून गोठ्याला वायफाय ठेवायचं की तिथे साधा टायमर बसवायचा ते ठरवू.